घरची खूण

टाळ्या वाजत होत्या आणि सगळ्यांबरोबर तोही वाजवत होता. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. दोन्ही सूक्ष्मदर्शकातून काढलेले, दोन्ही त्यानेच काढलेले, दोन्ही गुलाबी-जांभळे. डावीकडे औषध मिळालेल्या माणसाचं यकृत, उजवीकडे न मिळालेल्याचं. डावीकडच्या पेशी शहाण्या मुलांसारख्या रांगेत उभ्या होत्या. उजवीकडे रांगा मोडल्या होत्या, पेशी फुगून फिकट पडल्या होत्या, काही आक्रसून लाल गोळ्या झाल्या होत्या, आणि एका शिरेपासून दुसऱ्या शिरेपर्यंत मेलेल्या पेशींचा सरळ पट्टा गेला होता. इतके दिवस या फोटोंखाली यकृताचे काप लावलेल्या काचांचे नंबर असत, ज्यांवरून माणूस कोण हे कोणालाच कळू नये अशीच व्यवस्था होती. आज त्यांच्या जागी माणसांचे नंबर आले होते, कारण आज गुपित उघडायचा दिवस होता. दोन वर्षं चाललेल्या चाचणीत खरं औषध कोणाला मिळालं आणि दिसायला तशीच पण नुसत्या पिठाची गोळी कोणाला मिळाली, हे आज पहिल्यांदा सगळ्यांसमोर येत होतं. औषध लागू पडलं होतं, टाळ्या त्याच्याच होत्या. उजवीकडच्या फोटोखाली लिहिलं होतं, रुग्ण एकशे बेचाळीस. ताईच्या गोळ्यांच्या डबीवर हाच नंबर होता. त्याने तो वाचला, त्याला तो नीट कळला, आणि तरी त्याचे हात एकमेकांवर आपटतच राहिले. शेजारचा थांबला तेव्हा तोही थांबला.

विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, एरवी कोणाचं कौतुक करायची वेळ आली की दाढ दुखल्यासारखा चेहरा करत. आज मात्र त्यांना बोलू किती आणि नको किती असं झालं होतं. त्यांनी त्याला उभं केलं. औषध रसायनवाल्यांनी बनवलं, गोळ्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी वाटल्या, पण माणसाचं तोंडही न बघता, नुसत्या काचा बघून कोणाचं काय चाललंय ते ज्याने सांगितलं तो हा गृहस्थ, असं त्या म्हणाल्या. पेशीचं नुकसान वाचण्यात याचा हात धरणारा कोणी नाही, असंही म्हणाल्या. मग उजवीकडच्या फोटोवर लाल दिव्याचा ठिपका फिरवत त्यांनी सांगितलं की हा नमुनाही यांनीच निवडलाय, इतकं स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकातसुद्धा मिळायचं नाही. तो ठिपका मेलेल्या पेशींच्या पट्ट्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. त्याला एकदम ओरडावंसं वाटलं, की अहो, तिथे दुखत असेल. मेलेल्या पेशीला दुखत नाही, आणि यकृताला तर मुळातच दुखत नाही, ते मुकाट्याने मरतं, हे तोच दरवर्षी नव्या मुलांना शिकवत आला होता. तो खाली बसला आणि त्याने पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास रिकामा होता, तरी तो थोडा वेळ तोंडाला लावून बसला.

ती सकाळ त्याला स्वच्छ आठवत होती, आणि तेच वाईट होतं. हीच काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि तो आपसूकच ‘वा’ म्हणाला होता. काप घेणारी मुलगी शेजारीच ट्रे लावत होती, तिला त्याने हाक मारून बोलावलं होतं. ये, बघ, किती सुंदर आलंय. त्यांच्या धंद्यात सुंदरचा अर्थ वेगळा. काप फाटलेला नाही, रंग नीट बसलाय, आणि आजार कुठेही लपलेला नाही, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. मुलीने वाकून बघितलं, तीही हो म्हणाली, किती सुंदर. मग त्याने चारापैकी चार गुण दिले, म्हणजे नुकसान याहून जास्त असू शकत नाही, आणि फोटो काढून ठेवला. नंतर त्याला चांगली भूक लागली होती. खाली जाऊन त्याने सँडविच खाल्लं होतं आणि मोहरीची चटणी तिखट आहे म्हणून काउंटरवरच्या बाईशी थट्टा केली होती. सख्खी बहीण इतका वेळ डोळ्यांसमोर होती, चारशे पटींनी मोठी होऊन, आतून उघडी, आणि त्याने तिला ओळखलं नव्हतं. रस्त्यात ती लांबून नुसती पाठमोरी दिसली असती तरी तो ओळखून धावत गेला असता.

खरं तर त्याने या काचा बघायलाच नको होत्या. नियम साधा होता. चाचणीत घरचं कोणी असेल तर सांगायचं आणि बाजूला व्हायचं. त्याने सांगितलं नाही. काचांवरचे नंबर दोनदा फिरवलेले असतात, कोणाचं काय हे देवालाही कळायचं नाही, मग सांगून काय आणि न सांगून काय, असं त्याने मनाला पटवलं होतं. त्यामागचं खरं एवढंच होतं की ताईच्या यकृताचा तुकडा दुसऱ्या कोणी बघावा हे त्याला सोसत नव्हतं. तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं. मोठ्या बाईंनी जिन्यात नुसतं ‘काय, ठीक ना?’ विचारलं तरी त्याच्या कानशिलांना घाम यायचा. आता त्या पुढच्या कामाबद्दल काहीतरी विचारत होत्या आणि तो मान हलवत होता. त्याने कोट उचलला, बरं वाटत नाही म्हणाला, आणि हे तरी खरं बोललो असं वाटून दाराबाहेर पडला. मागून कोणीतरी म्हणालं, आज तुम्ही पार्टी द्यायची आणि तुम्हीच पळताय.

बाहेर दुपारचं फिकट ऊन होतं. चष्म्याच्या दुकानासमोर एक माणूस शिडीवर चढून पाटी पुसत होता, बसच्या थांब्यावर दोन शाळकरी मुली एकाच वायरने गाणं ऐकत होत्या. ताईचं घर चालत जायच्या अंतरावर होतं, आणि बसमध्ये बसून लवकर पोचण्याची त्याला मुळीच घाई नव्हती. पोचलं की सांगावं लागणार होतं. ती बरी होतेय असं त्यानेच तिला सांगितलं होतं, सात-आठ महिन्यांपूर्वी, तिच्याच स्वयंपाकघरात, तिचे दोन्ही हात हातात धरून. त्या सांगण्यावर ती आजवर विसंबून होती, तोही होता, आणि आता ते त्याला परत घ्यायचं होतं. दिलेलं परत घेऊ नये असं लहानपणी तिनेच त्याला शिकवलं होतं, ते पेन्सिलीच्या बाबतीत होतं. तो शिडीला वळसा घालून पुढे गेला.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, वडील कामासाठी आठवडा-आठवडा बाहेर, त्यामुळे त्याचं जेवणखाण, अभ्यास, उवा, ताप हे सगळं तिच्या वाट्याला आलं. विशीत ती सार्वजनिक तलावावर पोहायला शिकवायला लागली आणि साठीपर्यंत तिथेच राहिली. तिच्या अंगाला कायम तलावातल्या औषधाचा वास, केस कायम दमट, आणि आवाज असा की पलीकडच्या काठावरचं पोर दचकून सरळ व्हावं. अर्धं गाव तिने पाण्यात ढकललं होतं, असं ती सांगायची. एक तेवढा तो तिच्याकडून शिकला नाही. पाण्यात उतरला की तिच्या मानेला मिठी मारायचा आणि सोडायचाच नाही. ती चिडायची नाही. म्हणायची, ‘छोट्या, तू भित्रा आहेस, पण प्रामाणिक भित्रा आहेस. भीती वाटत नाही असं सांगणारी पोरंच बुडतात.’ या प्रमाणपत्रावर तो पुढे बरीच वर्षं जगला. कोरडं काम निवडलं, बसून करायचं, जिथे फार तर उंदीर चावेल. तरुणपणी तो उंदरांना मुद्दाम औषध जास्त देऊन त्यांची यकृतं बिघडवायचा आणि मग कोणती पेशी आधी मरते ते बघत बसायचा. ताई याची टिंगल करायची. लोक औषध देऊन बरं करतात, आमचा छोट्या औषध देऊन आजारी पाडतो, आणि त्याला याचा पगार मिळतो, असं ती तलावावरच्या सगळ्यांना ऐकवायची.

तिचं यकृत औषधानेच गेलं. ओल्यात उभं राहून राहून सांधे धरले होते, त्यावर डॉक्टरने गोळ्या दिल्या, आणि त्या तिने कित्येक वर्षं विनातक्रार घेतल्या. हजारो लोक तीच गोळी घेतात आणि त्यांना काही होत नाही. एखाद्याचं यकृत मात्र रुसतं आणि मग कशानेच समजूत पटत नाही. हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं असेल तर तलावावरच्या एका लहान मुलीच्या. ती म्हणाली, बाई, तुमचे डोळे पिवळे का? ताईने हा किस्सा त्याला फोनवर हसत हसत सांगितला होता. तो हसला नव्हता. मग तपासण्या, मग यकृताचा कण काढायची सुई, मग सर्जनने दोघांना समोर बसवून सांगितलं की वाटा दोन आहेत. एक, नव्या औषधाची चाचणी सुरू होतेय, तिच्यात नाव घाला, नशीब असेल तर खरं औषध मिळेल. दुसरी, रक्ताच्या नात्यातल्या कोणाच्या यकृताचा तुकडा घेऊन बसवायचा. देणाऱ्याचं यकृत पुन्हा भरून येतं. हे बोलताना सर्जनने त्याच्याकडे बघितलं, आणि तोही तज्ज्ञासारखी मान हलवत म्हणाला की हो, येतं, उंदरांमध्ये तर दोन तृतीयांश काढलं तरी थोड्याच दिवसांत पूर्ववत होतं. तो उंदरांबद्दल बोलतच राहिला. ताई त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

त्याने मनापासून केलं, हेही खरं. कोणाला न सांगता तो तपासून आला. रक्त, पोटाचे फोटो, हृदय, आणि बरगड्यांच्या फटीतून घातलेली ती लांब सुई, जिच्या वेळी तो इतका घट्ट डोळे मिटून पडला होता की नर्स म्हणाली, काका, झालं केव्हाचंच. जुळत होतं. पुढे त्याने ओळखीने स्वतःची काच मागवून घेतली, कारण आयुष्यभर परक्यांची बघितली, एकदा आपली तर बघू. यकृत बरं होतं, थोडीशी चरबी, वयाला शोभेशी. आणि मधूनमधून काही पेशी अशा होत्या की त्यांचं केंद्रक आतून पोकळ, कोणी चमच्याने गर काढून नुसती साल ठेवावी तसं. असं काही लोकांच्यात आढळतं आणि त्याने काही बिघडत नाही. पण इतकी पोकळ केंद्रकं त्याने क्वचितच बघितली होती, आणि बघताक्षणी त्याला वाटून गेलं की ही आपल्या घरची खूण आहे. जसं मामाचं नाक, तशी ही. ताईच्यातही असणार. या विचाराने त्याला उगीचच बरं वाटलं, आतल्या आतही दोघं एकमेकांसारखे असल्याचं. त्याच संध्याकाळी तो तिच्याकडे गेला. ती कप पुसत होती. तो दारातच उभं राहून म्हणाला की ताई, मी तपासून आलो, जुळतंय, माझा तुकडा घे. तिने कप ठेवला, दुसरा घेतला. ‘नको रे बाबा,’ ती म्हणाली. ‘तुझं तुझ्याजवळच राहू दे. मी गोळ्या घेतेय ना.’

इथे, फुटपाथवर चालता चालता, तो थांबला. त्या ‘नको’नंतरचा क्षण त्याने कधी नीट बघितला नव्हता. आज बघितला. ती नको म्हणाली आणि त्याच्या पोटातलं काहीतरी सैल होऊन खाली बसलं. गुडघ्यांत ऊब आली. परीक्षा पुढे ढकलली गेल्यावर येते तशी. तो म्हणाला होता, ‘बरं, बघू.’ मग त्याने चहा घेतला, दोघांनी तलावाच्या नव्या मॅनेजरची यथेच्छ निंदा केली, आणि घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की ताई नको म्हणाली. बायकोही इतके दिवस श्वास धरून होती. ती म्हणाली, त्या नको म्हणाल्या ना, मग आपण तरी काय करणार. त्यानंतर हे वाक्य सगळ्यांच्या कामाला आलं. सर्जनने विचारलं, ताई नको म्हणते. नातेवाइकांनी विचारलं, अहो मी तयार आहे, तीच नको म्हणते. झोपताना स्वतः स्वतःला विचारलं तरी तेच. वाक्य खरं होतं, त्यात खोटा असा एक शब्दही नव्हता. त्याच्या शेजारून एक बाई बाबागाडी ढकलत गेली, तिला वाट द्यायला तो भिंतीला चिकटला आणि पुन्हा चालू लागला.

मग चाचणीत एक काच आली. गठ्ठ्यातली कुठलीतरी मधली, आणि तिच्यात पोकळ केंद्रकं. तशीच, तितकीच. आणि आजूबाजूला पेशी सावरत होत्या, दोन-दोन केंद्रकांच्या जोड्या दिसत होत्या, म्हणजे नव्या पेशी होत होत्या, मेलेलं उचलून नेलं जात होतं. त्याने दार लावून घेतलं आणि रडला. ताई सापडली होती आणि ताई बरी होत होती. एवढ्या पुराव्यावर त्याने कोणा विद्यार्थ्याला एक ओळ लिहू दिली नसती. पोकळ केंद्रकं शंभरात चार-पाच जणांच्यात तरी असतात, बहिणीत भावासारखी असतीलच असं कुठे लिहिलेलं नाही, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण त्या दिवशी त्याला हे आठवलं नाही. आठवलं नाही असंही नाही, आठवून त्याने ते बाजूला सारलं. कारण ती काच ताईची असेल तर आणखी काहीच विचारावं लागणार नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने तिचे हात धरले आणि म्हणाला की तू बरी होतेयस, कसं कळलं ते विचारू नकोस. मग तिने डोळे पुसले, आणि दुसऱ्या दिवशी तलावावर फोन करून सांगितलं की माझ्या जागी कोणाला कायमचं घेऊ नका, मी उन्हाळ्यात येतेय.

उन्हाळा आला तेव्हा तिचं पोट पाण्याने भरायला लागलं होतं. पाय इतके सुजले की बोटाने दाबलं तर खड्डा राहायचा. ‘आयुष्यभर मी पाण्यात होते,’ ती म्हणाली होती, ‘आता पाणी माझ्यात आलंय.’ यकृत बिघडलं की पोटात पाणी साठतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण तो म्हणाला, उकाडा फार आहे, मीठ कमी कर, बरं होताना कधी कधी असंही होतं. अडाण्याला स्वतःला फसवायला एखादंच कारण मिळतं, त्याच्याजवळ प्रत्येक लक्षणासाठी तीन-तीन होती, सगळी शास्त्रशुद्ध. ती ऐकून घ्यायची. बरं, म्हणायची. आणि आता त्याला त्या दुसऱ्या माणसाचा विचार आला, पोकळ केंद्रकांच्या खऱ्या मालकाचा. कुठेतरी कोणीतरी बाई किंवा बुवा, जेवत असेल, जिना चढत असेल, आपल्याला खरी गोळी मिळाली होती हे उद्या ऐकून घरात मिठ्या मारेल. त्याला त्या माणसाचा द्वेष वाटला, सरळसरळ, शेजारणीने नळावरून भांडावं इतका साधा द्वेष. माझ्या बहिणीचं तू घेतलंस. मग लाजही वाटली, पण लाज नंतर वाटली.

तिच्या घराची एक किल्ली त्याच्याकडे असे. ताई खिडकीशी खुर्चीत होती, पाय स्टुलावर, अंगावर पातळ पांघरूण. हात काटक्या झाले होते आणि पोट पुढे, आणि त्या सगळ्यावर तो पिवळा रंग, जो आता दिवसाच्या उजेडात लपत नव्हता. टेबलावर अर्ध्या खाल्लेल्या सफरचंदाच्या फोडी काळ्या पडल्या होत्या. ‘आज लवकर?’ ती म्हणाली. ‘काढून टाकलं की काय तुला?’ तो बसला. कोटही काढला नाही. वाटेत त्याने तीन-चार सुरुवाती जुळवल्या होत्या, त्यांतली एकही तोंडात आली नाही.

‘ताई, तुझी गोळी पिठाची होती.’

‘दोन वर्षं?’

‘दोन वर्षं.’

‘तरीच वजन वाढलं,’ ती म्हणाली, आणि आपल्याच विनोदाला तिने नाकातून थोडं हसून घेतलं. मग तिने खिडकीबाहेर बघितलं. त्याने बाकीचं सांगितलं, एकामागोमाग एक, पोरासारखं. की ती काच तिची नव्हती. की त्याने घरची खूण समजून भलत्याच माणसाला आपलं मानलं. की तिची काच त्याने आधीच बघितली होती, सगळ्यात खराब म्हणून निवडली होती, ती मुलीला बोलावून कौतुकाने दाखवली होती, आणि आज ती भिंतीएवढी करून लावली तेव्हा तो टाळ्या वाजवत होता. यातलं काही लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. ती मध्ये एकदाच बोलली. तिने विचारलं की कशी दिसत होते मी. तो म्हणाला, ‘ओळखू आली नाहीस.’ तिने मान हलवली, हे समजण्यासारखं आहे अशी.

मग तो खुर्ची पुढे ओढून घेऊन भराभर बोलायला लागला. झालं ते झालं, अजून वेळ आहे, आपण उद्याच सर्जनकडे जाऊ, माझं सगळं तपासून झालंय, पुन्हा तपासायला लागलं तर एका दिवसाचं काम, माझा तुकडा घे, मला काही होत नाही, भरून येतं, उंदरांमध्ये तर—

‘छोट्या,’ ती म्हणाली. ‘मी जाऊन आले.’

‘कुठे?’

तिने सांगितलं. मागच्या महिन्यात, एक दिवस तो कामावर असताना, ती एकटीच टॅक्सी करून सर्जनकडे गेली होती. जिना चढवेना म्हणून त्यांनी तिला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं. तिने सर्जनला विचारलं की भावाचा तुकडा घ्यायचा म्हटलं तर कधी घ्याल. सर्जनने पुन्हा पोटाचे फोटो काढले. यकृतात आता कॅन्सरची गाठ झाली आहे आणि ती मोठ्या शिरेत उतरली आहे. एवढं पुढे गेल्यावर नवं यकृत बसवत नाहीत, बसवलं तरी गाठ त्यातही जाते. सर्जन चांगला माणूस होता, तो तिचा हात धरून बसला होता. आधी आला असतात तर, असं तो बोलायला लागला होता आणि मध्येच गप्प झाला. हे सगळं तिने सरळ आवाजात सांगितलं, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं.

त्याला ऐकू आलं होतं, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट अडकून बसली होती. ‘पण तू तर नको म्हणाली होतीस,’ तो म्हणाला. आपला आवाज तक्रार केल्यासारखा येतोय हे त्याला कळत होतं. ‘ताई, तू नको म्हणाली होतीस.’

‘म्हणाले होते.’

‘मग?’

ती पांघरुणाची कड दोन बोटांत धरून बसली होती. ‘मी मोठी बहीण ना रे. धाकट्या भावाचं पोट फाडायचं म्हटल्यावर लगेच हो म्हणू? पहिल्यांदा नकोच म्हणतात.’ तिचा श्वास पुरेना, ती थांबली. ‘मला वाटलं, तू पुन्हा विचारशील. कप पुसून झाले तरी वाट बघत होते. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात विचारेल. मग तू म्हणालास मी बरी होतेय. म्हटलं, सुटलो दोघंही.’

तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा मोडला. आई गेली तेव्हाही तो मोडला नव्हता, तेव्हा ती त्याला भात भरवत होती. ‘मला जगायचं होतं रे,’ ती म्हणाली. ‘मला खूप जगायचं होतं.’

खाली कोणीतरी गाडीचं दार आपटलं, कोणीतरी कोणाला हाक मारली. तो उठून तिच्या खुर्चीशी जमिनीवर बसला, कोटासकट, आणि त्याने तिच्या सुजलेल्या पावलांना हात लावला. आता काही होणार नव्हतं. गाठ कुठवर गेली असेल, शिरेत कशी वाढत असेल, किती दिवस, हे सगळं त्याच्या डोक्यात आपोआप हजर होतं, आणि त्यातलं काही खोटं पाडणारं कारण त्याला सापडत नव्हतं, एकही. तुकडा द्यायची भीती मात्र गेली होती. ती असती तर बरं असं त्याला वाटलं, कारण भीती अजून काहीतरी करता येण्यासारखं असेपर्यंतच राहते. त्याने मान वर केली.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘माझा तुकडा घे ना.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. याला कळलं नाही की काय, की हा वेडा झालाय, असं आधी तिच्या डोळ्यांत आलं, आणि मग ते गेलं. तिने हात त्याच्या डोक्यावर ठेवला.

‘घेते,’ ती म्हणाली.